टाले मॅडमचा निळा पिक्चर

टाले मॅडम चिडल्या की वऱ्हाडीत शिरायच्या. एरवी वर्गात फळ्यापुढे उभ्या असल्या की भाषा अगदी इस्त्री केलेली. ‘मुलांनो, क्षितिजाची रेषा जरा खाली घ्या, आभाळाला जागा द्या.’ पण कुणी रंगाचं पाणी शेजाऱ्याच्या कागदावर सांडलं आणि वर दात काढले, की त्याच तोंडातून ‘काऊन बे, हासाले काय झालं?’ असं बाहेर पडायचं. पोरं तत्काळ गप्प. शुद्ध भाषेतलं रागावणं शाळेचं असतं आणि हे मात्र खरं आहे, हे त्यांना बरोबर कळायचं.

खामगावच्या आमच्या शाळेत त्यांनी उभी हयात चित्रकला शिकवली. मी विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या लागून होत्या, म्हणून त्यांच्या रागाची पहिली वाफ माझ्या अंगावर यायची. बाई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. कांजी केलेली सुती साडी, नखांत कायमचा रंग, आणि चष्मा दोरीनं गळ्यात. केस पार पांढरे. कुणी मेंदीचं सुचवलं तर म्हणायच्या, ‘पांढरा काय रंग नाई का?’

लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची हिंमत फक्त नवीन आलेल्या शिक्षिका करायच्या, तीही एकदाच. ‘राह्यलं,’ एवढंच उत्तर मिळायचं, जणू बाजारातून काहीतरी आणायचं विसरलं.

माणसं ज्यावर कधीच रागावत नाहीत त्यावर त्या रागवायच्या. चौकातल्या पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट फासला म्हणून. निळ्या आभाळापुढे वाढदिवसाचा फ्लेक्स लावला म्हणून. लग्नपत्रिकेत गुलाबीवर पिवळी अक्षरं छापली म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं नाकारलं होतं; आम्ही ओढून नेलं तेव्हा जेवल्या व्यवस्थित, पण आहेराबरोबर त्या पत्रिकेवरचं आपलं मतही देऊन आल्या.

एकदा संस्थेनं शाळेची जुनी दगडी इमारत पोपटी रंगानं रंगवायला काढली. उन्हाळ्याच्या सुटीत, कुणाला न विचारता. मॅडमना कळलं तेव्हा दर्शनी भिंत होत आली होती. त्या रिक्षानं आल्या, रंगाऱ्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतून काकडी काढून खाऊ लागल्या. रंगारी वरून म्हणाला, ‘मॅडम, उतरू द्या ना.’ मॅडम म्हणाल्या, ‘उतर. पण पुन्हा चढाले मी देत नाई.’ मुख्याध्यापक आले, शिपाई आला, शेवटी संस्थेचे सचिव आले. दगडाला स्वतःचा रंग असतो, तो लपवायला तो काही चोरीचा माल नाही, असं त्या सगळ्यांना ऐकवत राहिल्या. उन्हं उतरली तशा घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं पहाटेच काम उरकून टाकलं. फक्त शिडीमागचा कोपरा घाईत राहिला. तेवढाच आज आमच्या शाळेचा मूळ चेहरा आहे.

हरल्या म्हणून त्या खचायच्या नाहीत, ही गोष्ट मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत आधी कळली. दुसऱ्या रागाला मोकळ्या.

दर फाल्गुनात त्या नववीच्या पोरांना बोथ्याच्या घाटात न्यायच्या. पळस फुललेला असायचा. एका वर्षी मीही गेले होते. बसमध्ये ड्रायव्हरनं गाणी लावलेली, पोरं मोबाइलमध्ये माना घालून. वळणावर मॅडमनी बस थांबवली. एक बादली फिरवली, त्यात सगळ्यांचे मोबाइल, ड्रायव्हरचासुद्धा. मग सगळ्यांना रस्त्याकडेला उभं केलं आणि समोरच्या उताराकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘पाहा.’

एका पोरानं विचारलं, ‘किती वेळ, मॅडम?’

‘पोट भरेस्तोर.’

पोरं आधी खुसफुसली, मग कंटाळली, आणि मग, हे मी स्वतः पाहिलंय, एकेक करून गप्प झाली. तिथं केशरी रंगाचे किती प्रकार होते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मॅडम मात्र पळसाकडे बघत नव्हत्या. त्या पोरांचे चेहरे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर तृप्ती होती, घरातली सगळी माणसं पानावर बसली की बाईमाणसाच्या चेहऱ्यावर येते तशी.

रविवारी दुपारचा सिनेमा हा त्यांचा नेम होता. कोणता का असेना. गावात उरलेलं जुनं थिएटर एकच, त्यात जो लागेल तो. मारामारीचा, देवाधर्माचा, दक्षिणेतून हिंदी होऊन आलेला, काहीही. ‘गोष्ट तोंडी लावाले असते,’ त्या म्हणायच्या, ‘जेवण रंगाचं.’ सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्या रंगावरून ओळखायच्या. तो पिवळा पिक्चर, ज्यात शेवटी भाऊ मरतो. तो राखाडी, पोलिसांचा. सोबत जायचं तर त्यांचे नियम पाळावे लागत: दिवे मालवायच्या आधी पोचायचं, सुरू झाल्यावर काही खायचं नाही, आणि शेवटची नावं पूर्ण वर जाईपर्यंत उठायचं नाही, झाडूवाला कितीही ताटकळत उभा असला तरी. आणि मध्ये कुणी बोललं, की मॅडम वळून एकच विचारायच्या: ‘पाहाले आला का दिसाले?’ हा प्रश्न अर्ध्या खामगावानं अंधारात कधी ना कधी ऐकला असेल.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी थिएटरवर एक पोस्टर लागलं. बर्फानं झाकलेल्या दगडी पायऱ्या, त्यावर लाल मखमली झग्यातली एक बाई, आणि वर सगळं निळं, इतकं निळं की पोस्टर ओलं वाटावं. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला. पोस्टरच्या खाली कुणीतरी स्थानिक कल्पकतेनं लिहिलं होतं, ‘कमजोर दिलवाले न आएँ.’ मॅडम शाळेत येताना रोज त्या पोस्टरपुढे थांबायच्या. शनिवारी भर स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, ‘उद्या येतेस का, निळा पिक्चर पाहाले?’

पी. टी.च्या सरांच्या नाकातून चहा बाहेर आला. मॅडमना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. आणि मी समजावून सांगितल्यावर त्यांनी पी. टी.च्या सरांकडे अशा नजरेनं पाहिलं, की सर उरलेला चहा घेऊन मैदानावर गेले.

तर तो सिनेमा. समुद्राकाठी एका कड्यावर मोठा वाडा. तिथल्या तरुण मालकाशी एका मुलीचं लग्न ठरलेलं. ती लग्नाचा पोशाख घेऊन पोचते त्याच दिवशी नवरदेव होडीसकट बुडालेला असतो. ती परत जात नाही, तिथंच राहते. आणि रोज सांजवेळी तो येतो. समुद्रातून, चिंब, पायऱ्या ओल्या करत. तो मेलाय हे त्यालाही ठाऊक असतं, तिलाही. तो आला की वाड्याच्या भिंतींवरची कागदी फुलं खरी होतात, मेणबत्त्या आपोआप पेटतात, आणि तो गेला की सगळं पुन्हा मिठासारखं पांढरं. भीती वाटावी असं त्यात पुष्कळ होतं, पण ती भूत येण्याची भीती नव्हती. ते जाईल याची होती.

थिएटर बऱ्यापैकी भरलेलं होतं. लोक घाबरायला आले होते, आणि घाबरायला मिळेना म्हणून रुसले. मागून आवाज, ‘अबे, भूत कधी येईन?’ तो आला तर, ‘हे भूत हाय? हा तं आंघोळ करून आला!’ हास्याचा गडगडाट. त्यानं हिंदीत ‘प्रिये, मैं लौट आया हूँ’ म्हटलं की आख्खी रांग ‘प्रिये, प्रिये’ करून ओरडायची. त्यांनी एकमेकांना जवळ घेतलं की शिट्ट्या. एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी साखरपुड्याचा हॉल सांगत होते. मॅडमचा प्रश्न त्या दुपारी तीन दिशांना विचारून झाला, पण त्याचा उपयोग होईना. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

मग तो प्रसंग आला. बाहेर वादळ, तो येतो, काकडतो आहे. ती त्याला आगीपुढे बसवते आणि आपल्या लग्नाच्या पांढऱ्या वस्त्रानं त्याचे केस पुसायला लागते. ते कोरडे होत नाहीत. ती पुसतच राहते. भिंतीवरची फुलं हळूहळू उमलतात. पडद्यावर बराच वेळ एवढंच.

आमच्या पुढे दोन रांगा सोडून एकटी बसलेली एक बाई मोठ्यानं रडली. मुसमुसणं नव्हे, पोटातून आलेला, घरात कुणी गेल्यावर येतो तसला आवाज.

मग कुणीतरी ओरडलं, ‘पाहा बे, भूत खाली येऊन राह्यलं!’ हसू फुटलं. आणि एक माणूस आपल्या खुर्चीतून उठला, पॅसेजमधून तिच्यापर्यंत गेला, आणि मोबाइलचा दिवा लावून तिच्या तोंडावर धरला. चित्रण करू लागला. हसत हसत. तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला तर म्हणाला, ‘अवो, थोबाड तं दाखवा, वैनी!’

टाले मॅडम कधी उठल्या ते मला कळलं नाही. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या मोबाइलच्या दिव्याच्या आणि बाईच्या मध्ये उभ्या होत्या. ‘बंद कर,’ त्या म्हणाल्या. तो म्हणाला, ‘मॅडम, गंमत हाय.’ म्हणजे त्यानं ओळखलं होतं. ओळखणारच, आमच्याच शाळेतून शिकून गेलेला. शहरात त्याचं औषधांचं दुकान आहे, बरं चालतं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते छापून यावं एवढी त्याची लायकी नाही.

‘दिवे लावा!’ मॅडम ओरडल्या. ‘मशीन बंद करा!’

दिवे लागले. आणि मला जे आजही विसरता येत नाही ते इथून पुढे झालं. तेवढ्या लोकांतून एकही माणूस त्या माणसाला काही बोलला नाही. बोलले ते मॅडमना. ‘ओ मॅडम, बसा ना खाली!’ ‘तिकीट काढून आलो आमी!’ ‘पिक्चर पाहू द्या!’

‘पाहून कुठं राह्यले तुमी?’ मॅडमचा आवाज फाटला होता. ‘मघापासून काय पाह्यलं, सांगा बरं मले? कोण्या रंगाची भिंत व्हती? कायनं पुसत व्हती ते त्याचे केस? एक बाई रडली अन् तुमाले तमाशा झाला! थेटरात रडाले नाई तं कुठं रडावं माणसानं?’

मॅनेजर धावत आला. त्यानं हात जोडले, तेही मॅडमनाच. मोबाइलवाल्यानं ‘हे घ्या, काढून टाकलं’ म्हणत स्क्रीन नाचवला आणि जाऊन बसला. मॅडमनी त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, ती वळली, आणि मॅडम म्हणाल्या, ‘पल्लवी?’

पल्लवीही आमचीच विद्यार्थिनी. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मागच्या पावसाळ्यात तिचा नवरा आपल्या आईवडिलांकडे, सुलतानपूरला, जाताना पूर आलेल्या नाल्यात मोटरसायकलसकट वाहून गेला होता. आम्हाला ऐकून माहीत होतं. ऐकलं, हळहळलो आणि तास घ्यायला गेलो होतो. ट्रेलरमध्ये पायऱ्या चढून येणारा भिजलेला माणूस पाहिला, म्हणून ती कुणाला न सांगता आली होती.

क्लिप अर्थातच काढलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा ती माझ्या मोबाइलवर येऊन पोचली, तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून. सरकीपासून सुटलेला कापूस वाऱ्यावर जातो तशी ती गेली. खाली हसणारे चेहरे. कुणी लिहिलं होतं, ‘नवरा जाऊन वर्ष नाही झालं आणि बाईसाहेब रोमँटिक पिक्चरला.’ कुणी, ‘एकटी कशी असेल? बाजूचा कापला असेल व्हिडिओतून.’ लिहिणारे परके नव्हते. माझ्या सोसायटीतले होते. त्यातल्या एकीनं मला संक्रांतीचं वाण दिलं होतं.

क्लिपच्या शेवटी टाले मॅडमही होत्या, हात उगारलेल्या, चष्मा दोरीवर लोंबकळतोय. त्यावर कुणीतरी ढोलांचा आवाज चढवला होता. मॅडमनी ते माझ्या मोबाइलवर शांतपणे पाहिलं. ‘मी बरी दिसून राह्यली,’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘त्या पोट्ट्याले मी पाच वर्षं पाहणं शिकोलं.’ आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मधल्या सुटीत सचिवांनी मॅडमना बोलावून घेतलं. आपल्या शिक्षिकेनं थिएटरात भांडण करावं, त्यानं शाळेचं नाव खराब होतं, असं त्यांचं म्हणणं.

‘शाळेचं नाव माह्यानं खराब झालं?’ मॅडमनी विचारलं. ‘तो पोट्टा आपल्याच शाळेतून निघाला, सर. त्यानं नाई झालं का खराब?’

सचिवांनी विषय बदलला. निवृत्तीचे कागद वेळेत द्या वगैरे.

संध्याकाळी मॅडम त्या औषधांच्या दुकानात गेल्या. मी दाराशीच थांबले होते. गिऱ्हाइकं होती. त्यांनी आवाज चढवला नाही, हेच भयंकर होतं. ‘तिचा नवरा नाल्यात बुडून मेला, तुले माईत हाय का?’ तो म्हणाला, ‘मले काय माईत, मॅडम.’ ‘माईत नाई तं विचारायचं असते. दिवा तोंडावर धराच्या आधी विचारायचं असते, बाई, काऊन रडून राह्यली.’ तो काऊंटरवरच्या गोळ्या मोजत राहिला. मान वर केली नाही, माफीही मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही. दुकान जोरात चालतं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या फाडायला तोच पुढे असतो. मी औषधं दुसरीकडून आणते. माझा राग तेवढाच, आणि तो मला पुरत नाही.

दोन दिवसांनी पल्लवी शाळेत आली, डोळे सुजलेले. तिची चिमुरडी मुलगी त्या आठवड्यात सुलतानपूरला आजीआजोबांकडे होती. क्लिप तिथंही पोचली होती. सासऱ्यांनी फोनवर सांगितलं: पोरगी इथंच राहील, तूही ते काम सोड आणि इथं ये. आता खामगावात राहायचं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘रविवारी काय काम हाय तुले?’

रविवारी आम्ही तिघी मेहकरला उतरून पुढं जालन्याच्या बसनं सुलतानपूरला गेलो. रस्त्याला लागून घर, मागे मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट. सासरे ओसरीवर बसले होते. सरळ, वाळलेला माणूस, मुलाच्या जाण्यानं आणखी वाळलेला. सासूबाई उंबऱ्याशी सुपात तूर पाखडत होत्या. पोरगी धावत येऊन पल्लवीला बिलगली. मला वाटलं, मॅडम आता स्फोट करणार. मी मनातल्या मनात परतीची बस किती वाजता आहे ते आठवायला लागले.

सासरे म्हणाले, ‘मास्तरीणबाई, तुम्ही आल्या, चहा घ्या. पण यात पडू नका. आमचं वर्ष झालं नाही अजून. अन् ही थेटरात गेली. सगळ्या गावानं पाहिलं. मला देवळात जायची सोय राहिली नाही.’

‘काय पिक्चर व्हता तो, ठाव हाय का तुमाले?’

‘आम्हाला काय करायचं?’

‘मंग रागावले कायले?’

मॅडमनी पाणी मागून घेतलं, प्यायल्या, आणि ओसरीच्या खांबाला पाठ टेकून सांगायला लागल्या. वाद नव्हे, उपदेश नव्हे. सिनेमा. पहिल्यापासून. समुद्र म्हणजे लोणारच्या तळ्यासारखा, पण पलीकडचा काठ नसलेला. त्याच्या काठावर दगडाचा वाडा, रात्रीच्या मोरपिसासारखा निळा. नवरी आली तिच्या अंगावर कुंकवाच्या रंगाची मखमल. अन् नवरदेव त्याच दिवशी पाण्यात गेला. बोटं हवेत फिरत होती, रंग लावल्यासारखी. मी सिनेमा प्रत्यक्ष पाहिला होता, पण मला त्यांचा जास्त दिसत होता.

सुपाचा आवाज थांबला होता.

‘थो रोज यायचा,’ मॅडम म्हणाल्या. ‘वल्लाचिंब. नवरी त्याले विचारे नाई कुठून आला, कसा आला. एक डाव लई वारंवादळ सुटलं. थो आला, थरथरून राह्यला. तिनं त्याले आगीपाशी बसोलं. अन् आपलं लग्नाचं लुगडं घेतलं अन्…’

‘केस पुसले का त्याचे?’

सासूबाई बोलल्या होत्या. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा.

मॅडम थांबल्या. ‘हाव,’ म्हणाल्या. ‘पुसले.’

‘आमच्या सुनीलचे ओलेच राहिले,’ त्या माउली म्हणाल्या. ‘आणला तव्हा केसातून पाणी गळत होतं. मी म्हटलं, मला पुसू द्या. तर म्हणले, टाइम नाही माय, उन्हं कलली, चला. मला पुसूच नाही दिले. हिलाबी नाही.’ त्यांनी पल्लवीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. ‘ही तिथं हे पाहून रडली. अन् तुम्ही इथं तोंड लपवून ऱ्हायले. कोणाला, हो? हसणाऱ्याला?’

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, ‘मला पाहायचा तो.’

निळा पिक्चर गुरुवारपर्यंतच होता. शुक्रवारी दुसरा लागणार होता. बुधवारी सासूबाई नातीला घेऊन खामगावला आल्या. मॅडमनी गुरुवारी दुपारची रजा टाकली, मलाही टाकायला लावली. पोरीला पल्लवीच्या घरमालकिणीकडं ठेवलं. थिएटरात मोजकीच माणसं होती, मागच्या रांगेत कॉलेजची पोरं. डोक्यावरून पदर घेतलेल्या सासूबाई मधल्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात आल्या होत्या. एका बाजूला पल्लवी, दुसऱ्या बाजूला मॅडम.

वादळ आलं, तो आला, तिनं वस्त्र उचललं. आणि सासूबाई पडद्याशी बोलायला लागल्या. मोठ्यानं, स्वयंपाकघरातून सुनेला सांगावं तसं. ‘पुस माय. नीट पुस. मानेवरचे राहिले बघ. कानामागं पाणी राहतं, तिथं पुस.’

मागून कुणीतरी हसायला सुरुवात केली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या वळल्याच नाहीत. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला होता आणि सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला होता. हसणं अर्ध्यातच विरलं. का, ते मला माहीत नाही. कदाचित त्या पोरांतल्या एखाद्याला आई होती, एवढंच.

पल्लवी अजून त्याच लॅबमध्ये आहे. तिची मुलगी आमच्या शाळेच्या बालवर्गात येते. दर महिन्याला आजोबा मिरच्या, वांगी घेऊन भेटायला येतात. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. क्लिप अजूनही कुठं कुठं फिरत असणार. मॅडम त्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या आणि अकोल्याला भावाकडं गेल्या. तिथं त्यांना अर्धांगाचा झटका आला. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं संपलं होतं. निरोप समारंभाच्या दिवशी मी आईच्या ऑपरेशनसाठी नागपुरात होते, परीक्षांच्या गडबडीत आमचं नीट बोलणंही झालं नव्हतं. त्यामुळे माझ्या मनातलं त्यांचं शेवटचं चित्र त्या गुरुवारचंच आहे.

नावं वर जाऊन संपल्यावर आम्ही बाहेर आलो. ऊन डोळ्यांत घुसत होतं. थिएटरच्या पायऱ्या उतरताना सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या अनवाणी चालायला निघाल्या, तर मॅडमनी आपल्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. नाही, हो, नाही, असं बरंच झालं. शेवटी मॅडमनी वाकून स्वतःच त्यांच्या पायांत त्या चढवल्या. मग तिघी स्टँडच्या दिशेनं निघाल्या. मला उलट्या दिशेला जायचं होतं, मी पायऱ्यांवरच थांबले.

भर दुपारच्या डांबरावर मॅडम अनवाणी, एक पाय उचलून दुसरा टेकवत, सासूबाईंचा दंड धरून चालल्या होत्या. एका रिक्षावाल्यानं मागून हॉर्न वाजवला, त्याला त्यांनी तळहात दाखवून जागच्या जागी उभं केलं. वळणापाशी पोचल्या तेव्हाही त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. पल्लवी आणि सासूबाई हसत होत्या, आणि मॅडम संतापून विचारत होत्या, की या नगरपालिकेले रस्त्याले दुसरा एखादा रंग भेटत नाई का.